धाकटीच्या डोळ्यांचे सहा फोटो

लग्नाच्या अल्बममध्ये नवरीचे डोळे मिटलेले आले तर काय करतात, ठाऊक आहे? दुसऱ्या फोटोतले तिचेच उघडे डोळे उचलून आणून बसवतात. नाशकात हे काम माझ्याइतक्या सफाईनं कुणी करत नव्हतं, हे मी आजही छातीठोकपणे सांगतो. सतरा वर्षं स्टुडिओ चालवला. चांदवडच्या मंगल कार्यालयांपासून वणीच्या मांडवांपर्यंत माझा कॅमेरा फिरला, आणि माझ्या अल्बममध्ये एकाही नवरीच्या गालावर पुटकुळी राहिली नाही. एक नवरदेव तर ऐन मंगलाष्टकांत जांभई देताना सापडला होता. अल्बममध्ये तो मंद हसतोय. त्याच्या आईनं मला बोलावून वेगळा टॉवेल-टोपीचा आहेर केला.

मग प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आला. "आमचा पुतण्याच काढणार आहे फोटो, त्याच्याकडे लय भारी फोन आहे," असं लोक तोंडावर सांगायला लागले. अरे, पुतण्याला उजेड कळतो का? नवरीला खिडकीकडे पाठ करून उभी करतो तो! पण कुणाकुणाशी भांडणार? शटर खाली ओढलं आणि घरी बसलो. आठव्या दिवशी बायको म्हणाली, "रोज माझ्या भाजीतलं मीठ मोजत बसण्यापेक्षा बाहेर काहीतरी बघा."

गंगापूर रोडला एका डॉक्टरांचा डोळ्यांचा दवाखाना आहे. त्यांचं लग्न मीच शूट केलं होतं. चष्म्याचा नंबर काढायला गेलो तेव्हा त्यांनी विचारलं, "सध्या काय चाललंय?"

"माशा मारतोय," मी म्हणालो.

"मग इथे या. माझा फोटो काढणारा मुलगा नोकरी सोडून गेलाय."

"कुणाचे फोटो?"

"डोळ्यांचे. पण आतून."

मला वाटलं थट्टा करतायत. पण त्यांनी शेजारच्या अंधाऱ्या खोलीत नेऊन एक मशीन दाखवलं. पेशंटनं समोर बसून हनुवटी एका पट्टीवर टेकवायची, कपाळ दुसऱ्या पट्टीला लावायचं, आत दिसणाऱ्या हिरव्या ठिपक्याकडे बघायचं. आपण बटण दाबायचं. लख्खकन उजेड पडतो आणि स्क्रीनवर एक नारिंगी गोल उमटतो. त्या गोलात एका बाजूला पिवळट चकती असते आणि तिच्यातून लाल शिरा चारी बाजूंना फुटत गेलेल्या दिसतात. तो डोळ्याच्या आतला पडदा. सतरा वर्षं लोकांचे चेहरे काढले, पण इतकी देखणी गोष्ट माणसाच्या आत लपलेली असते हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मी तिथल्या तिथे हो म्हणालो.

आठ दिवसांत शिकलो. सुरुवातीला सवयीनं पेशंटला सांगायचो, "मान जरा खाली, हनुवटी वर, हसा थोडं." एक आजोबा बिचारे कवळी दाखवून हसले आणि मग म्हणाले, "दात पण येतात का हो यात?" डॉक्टर बाहेरून ऐकत होते. त्यांनी तीन नियम सांगून ठेवले होते. फोटो धूसर आला तर पुन्हा काढायचा. पापणी मध्ये आली तर पुन्हा काढायचा. तरुण पेशंटच्या पडद्यावर कधीकधी नुसतीच चमक येते, तिनं घाबरायचं नाही. त्यात मी माझा चौथा नियम घातला, तो मला कुणी सांगितला नव्हता. वाईट फोटो ठेवायचा नाही. लगेच उडवायचा. गिऱ्हाइकाला वाईट फोटो दिसला की त्याचं मन त्यालाच चिकटतं, हे स्टुडिओतलं शहाणपण. मी प्रत्येक डोळ्याचे चार-पाच फोटो काढायचो, त्यातला सगळ्यांत स्वच्छ एक ठेवायचो आणि बाकीचे साफ. डॉक्टरांच्या टेबलावर पोहोचायचा तो फोटो असा, की भिंतीवर लावावा. "काय फोटो काढता हो तुम्ही!" असं ते दोन-तीनदा म्हणाले. मी फुगलो.

बहुतेक पेशंट शुगरवाले. शुगर वाढली की पडद्यावर रक्ताचे ठिपके पडतात, ते मला ओळखता यायला लागले. असे ठिपके मी कधी उडवले नाहीत, उलट अगदी ठळक टिपायचो. ठिपका म्हणजे रोग, एवढं मला कळत होतं. बाकी पांढुरकं, धुरकट, कडेला चमकणारं काही दिसलं की ते माझ्या हिशेबी लेन्सवरची घाण किंवा डोळ्यातलं पाणी. लेन्स पुसायची, अँगल बदलायचा, पुन्हा काढायचा. अशी दोन वर्षं सुखात गेली.

आता धाकटी. ही माझी बहीण, माझ्याहून नऊ वर्षांनी लहान, चांदवड तालुक्यात दिलेली. सासरी कांद्याची शेती आहे. बोलायला लागली की गाडीचा ब्रेक फेल. गेल्या वर्षी राखीपौर्णिमेला आली ती एसटीतून उतरल्यापासून कंडक्टरची तक्रार सांगत होती, ती हातपाय धुवून पाटावर बसेपर्यंत संपली नाही. पण जेवायला बसल्यावर गप्प झाली. बायकोनं खास तिच्यासाठी झणझणीत रस्सा केला होता. हिनं ताट बाजूला सरकवून दूधभात मागितला.

"तोंड आलंय," ती म्हणाली. "जिभेवर हे एवढाले फोड. महिन्यानं येत्यात, महिन्यानं जात्यात."

"उष्णता," बायको म्हणाली. "सब्जा भिजवून घेत जा. आणि रात्री तळपायाला काशाची वाटी."

"ते सगळं झालं, वहिनी. गुलकंदाच्या चार बरण्या झाल्या."

डोळे पण लाल होते तिचे. मी विचारलं तर म्हणाली, "चाळीत साठवलेले कांदे निवडतोय ना सध्या. सडके बाजूला काढायचे, चांगले बाजारात धाडायचे. दिवसभर त्या वासात बसलं की डोळ्याचं वाटोळं." चांदवडकडे लाल डोळ्याला कुणी डॉक्टर विचारत नाही. तिथे सगळ्या गावाचे डोळे सीझनमध्ये लाल असतात. गुडघे आणि घोटे दुखतात म्हणाली, तर त्याचंही कारण तयार, चाळीत वाकून वाकून. तोंडाला उष्णता, डोळ्यांना कांदा, गुडघ्यांना चाळ. तिन्ही दुखण्यांची कारणं आम्ही जेवणाच्या पाटावर लावून मोकळे झालो.

राखी बांधून झाल्यावर मी विचारलं, "ओवाळणीत काय पाहिजे? साडी?"

"साड्या लय झाल्यात. कपाट बंद होत नाय."

"मग चल दवाखान्यात. तुझ्या डोळ्यांचा फोटो काढून देतो. आतून!"

"अगं बाई! केवढी मोठी ओवाळणी! माझं घर भरलं रे दादा!" ती हसत सुटली. "वहिनी, बघा तुमचा नवरा. कंजूषपणाची कमाल झाली." पण आली. कुतूहल होतंच तिला. रिक्षात म्हणाली, "डोळ्यापुढं काळे धागे तरंगत्यात रे मधनंमधनं. ते येतील का फोटोत?" मी म्हणालो, ते सगळ्यांनाच दिसतात, सोड.

दवाखान्यात सणामुळे शुकशुकाट होता. मी तिला मशीनपुढे बसवलं. "हल्लीस तर राखी परत," असा दम दिला. उजव्या डोळ्याचा एक फोटो काढला, एका झटक्यात उत्तम. डाव्याचा पहिला फोटो काढला आणि माझी चिडचिड झाली. वरच्या बाजूला, कानाकडे जाणाऱ्या एका शिरेच्या दोन्ही कडांनी पांढरी रेघ आली होती, कुणी खडूनं गिरवल्यासारखी. लेन्स पुसली. दुसरा काढला. तीच रेघ. "डोळे पूस," म्हटलं, "कांद्याचं पाणी अजून गळतंय तुझं." तिनं पदरानं डोळे पुसले. तिसरा, चौथा. रेघ हटेना. मग मी माझी जुनी युक्ती वापरली. एखाद्या नवरीच्या गालावर भाजल्याचा डाग असला की मी तिला दुसरीकडे बघायला लावून फोटो घ्यायचो, तसं हिला म्हणालो, "ठिपका सोड, जरा नाकाकडे बघ." शीर चौकटीबाहेर गेली. पाचवा फोटो असा निघाला, की व्वा! उजव्याचा एक आणि डाव्याचे पाच, असे सहा फोटो झाले. दोन ठेवले, चार उडवले.

डॉक्टर स्वतःच्या बहिणीकडे जायच्या घाईत होते. त्यांनी उभ्याउभ्या स्क्रीनकडे बघितलं. "पडदा छान आहे. थोडा नंबर आहे, चष्मा करून घ्या," एवढं बोलून गेले. चूक त्यांची नाही. त्यांच्यापुढे मी जे ठेवलं, ते छानच होतं. बाहेर आल्यावर मी ऐटीत धाकटीला म्हणालो, "तुझा पडदा एकदम चकाचक आहे." तिनं ते घरी जाऊन सासूला सांगितलं, नवऱ्याला सांगितलं, बहुधा अर्ध्या चांदवडला सांगितलं असेल.

गणपती गेले आणि दोन-तीन दिवसांनी वणीकडचे एक शिक्षक तपासायला आले. तरुण माणूस. डोळा लाल होतो, उजेड सहन होत नाही म्हणाले. मी फोटो काढत होतो आणि डॉक्टर चहाचा कप घेऊन माझ्या मागे उभे होते. स्क्रीनवर फोटो उमटला. शिरेच्या कडेनं पांढरी रेघ. मी "च्यायला, पुन्हा लेन्स" असं पुटपुटून बोट डिलीटच्या बटणाकडे नेलं.

"थांबा!" डॉक्टर इतक्या जोरात ओरडले की त्यांचा चहा माझ्या बाहीवर सांडला. "ही लेन्स नाही. ही शिरेची भिंत सुजली आहे."

त्यांनी कप खाली ठेवला आणि मास्तरांच्या समोर स्टूल ओढून बसले. "तोंड येतं का तुम्हाला?"

मास्तर चकित झाले. "येतं ना. वर्षातून सहा-सात वेळा. उष्णता आहे अंगात."

"सांधे दुखतात? गुडघे, घोटे?"

"दुखतात. पण ते शाळेत उभं राहून..."

"आपल्याकडे कशालाही कारण तयारच असतं," डॉक्टर म्हणाले आणि त्यांना समजावून सांगायला लागले. अंग न कापता माणसाच्या शिरा उघड्या बघता येतील अशी एकच जागा आहे, हा पडदा. या शिरांना सूज दिसली म्हणजे कधीकधी ती नुसती डोळ्याची नसते. शरीराची रोगाशी लढणारी ताकद आपल्याच अंगावर उलटलेली असते. ती तोंडात फोड आणते, सांधे दुखवते आणि डोळ्यात शिरते. तोंड आणि सांधे वर्षानुवर्षं सहन करता येतात, डोळा मात्र वाट बघत नाही. एखादी शीर बंद झाली तर तिच्या पुढचा पडदा मरतो आणि तो पुन्हा जिवंत करता येत नाही.

मास्तर मान डोलावत होते. माझं मात्र त्यांच्याकडे लक्ष नव्हतं. तोंड, सांधे, लाल डोळा, पांढरी रेघ.   मी बाहेर जिन्यात जाऊन धाकटीला फोन लावला.

"काय रे दादा, आज कसा काय फोन?"

"डोळे कसे आहेत तुझे?"

"बरे हायत. डाव्यानं जरा धूर झाल्यावानी दिसतंय. सुई ओवायला एक डोळा मिटून घेते."

"कधीपासून?"

"गणपती बसले तवापासून."

"अगं मग बोलली का नाहीस?"

"आता बोलायचं काय त्यात? तूच म्हणाला ना, पडदा एकदम चकाचक हाय. मला वाटलं कांद्याचंच."

मी जिन्याच्या पायरीवर बसलो. मला रडू आलं आणि स्वतःचा भयंकर राग आला. "आत्ताच्या आत्ता नाशिकला ये," मी म्हणालो. ती म्हणाली, आत्ता कशी येऊ, चाळ अर्धी उपसलीय, उद्या गाडी भरायचीय, मजूर लावलेत. मी ओरडलो. तीही ओरडली. शेवटी फोन ठेवला, बहिणीला घेऊन येतो, थांबा असं डॉक्टरांना सांगितलं, मित्राची गाडी मागून घेतली आणि तडक चांदवडचा रस्ता धरला.

पोचलो तेव्हा सगळं घर चाळीपुढे बसून कांदे निवडत होतं. जावईबापू उठले. "अहो दादा, एवढं काय? आमचे बी डोळे लालच हायत की, हे बघा," म्हणून त्यांनी स्वतःची पापणी खाली ओढून दाखवली. सासूबाईंनी पण दाखवली. दोन मजूर बायकांनी दाखवली. एवढे लाल डोळे एका रांगेत बघून इतर वेळी मी पोट धरून हसलो असतो. मी जावईबापूंना एवढंच म्हणालो, "एक डोळा मिटा आणि समोरचं झाड बघा. मग दुसरा मिटून बघा. दोन्हींनी सारखं दिसतं?" सगळ्यांनी करून बघितलं. सगळ्यांना सारखं दिसलं. धाकटीनं उजवा डोळा मिटला, डाव्यानं झाडाकडे बघितलं. मग पदर झटकून उठली आणि पिशवी भरायला घरात गेली.

डॉक्टर आमच्यासाठी थांबले होते. ती आत बसली असताना मी त्यांना बाजूला घेऊन सांगितलं, राखीपौर्णिमेला हिच्या डाव्या डोळ्याच्या फोटोंत अशीच पांढरी रेघ होती. ते चार फोटो घाईत माझ्याकडून उडाले. डॉक्टरांचा चेहरा लालबुंद झाला. ते शिव्या देणारे गृहस्थ नाहीत, दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. "आधी हिचं बघू," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी तिच्या हाताच्या शिरेत पिवळं औषध टोचलं. ते रक्तातून डोळ्यापर्यंत पोहोचतं आणि तेवढ्या वेळात धडाधड फोटो काढायचे असतात. शिरा धड असतील तर औषध आतल्या आत राहतं, सुजलेल्या असतील तर बाहेर पाझरतं. फोटो मीच काढले. काळ्या स्क्रीनवर पांढऱ्या शिरा उजळल्या, आणि वरच्या शिरेच्या कडा हळूहळू पसरट होत गेल्या. पाझरत होतं. एका टोकाला तर शीर काळीच राहिली, पुढे औषध गेलंच नाही. माझी बहीण तिथे हनुवटी टेकवून बसली होती आणि मी तिला "हलू नको गं, शाबास, झालंच" म्हणत होतो. या खेपेला एकही फोटो उडवला नाही.

त्या औषधानं तिचं तोंड, हात सगळं पिवळं झालं. आरशात बघून म्हणाली, "घ्या, दुसऱ्यांदा हळद लागली मला. नवरा तोच का बदलून मिळंल?" संध्याकाळी संडासातून ओरडली, "वहिनी, झेंडूचं पाणी चाललंय!" बायको हसून हसून लोळली. मी पण हसलो, काय करणार.

मग रक्ताच्या तपासण्या झाल्या, छातीचा फोटो झाला. टीबीनं पण असंच होतं म्हणे, तो नाही याची आधी खात्री केली. संधिवाताच्या डॉक्टरांकडे पाठवलं. त्यांनी तिची जीभ बघितली, गुडघे दाबले, जुनी सगळी कहाणी विचारली आणि निदान केलं. तोंड, सांधे, डोळा, सगळं एकाच रोगाचं. आयुष्यभर सांभाळायचा, पण औषधानं आवरतो. स्टेरॉइड सुरू झालं. तिचं तोंड गोल गरगरीत झालं, भूक एवढी वाढली की जावईबापू म्हणाले, कांद्यापेक्षा ज्वारी जास्त लावायला पाहिजे होती.

धूर निवळला. जिभेवरचे फोड गेले, लाली गेली. पण डाव्या डोळ्याला खाली नाकाच्या बाजूचा एक कोपरा दिसत नाही, तो कायमचा गेला. पायरी उतरताना ती मान वळवून बघते. मी डॉक्टरांना विचारलं, "राखीपौर्णिमेलाच कळलं असतं तर?" त्यांनी तिची फाइल मिटली. "कदाचित वाचला असता. नक्की सांगता येत नाही," म्हणाले. मग म्हणाले, "यापुढे एकही फोटो उडवायचा नाही. वाकडा, धूसर, पापणीचा, सगळे ठेवायचे. बघायचं ते मी बघेन." मी मान हलवली. हे त्या एका दिवशी, एकाच डोळ्याच्या बाबतीत घडलं असं त्यांना वाटत होतं. मी वाटू दिलं.

तीन महिन्यांनी धाकटी तपासणीला आली ती पेढ्यांचा पुडा घेऊन. आल्या आल्या बाकावरच्या पेशंटना वाटायला सुरुवात. "घ्या हो, घ्या. हा माझा भाऊ. यानं घरी येऊन मला उचलून आणली म्हणून माझा डोळा वाचला. डॉक्टरच्या आधी यानं ओळखलं!" एक बाई माझ्याकडे कौतुकानं बघून म्हणाल्या, "भाऊ असावा तर असा." मी हातातला पेढा पुड्यात परत ठेवला. मी धाकटीला हाताला धरून फोटोच्या खोलीत नेलं आणि दार लावलं.

"ऐक. मी नाही वाचवला तुझा डोळा. राखीपौर्णिमेलाच दिसत होतं ते. चार फोटोंत दिसत होतं. मी ते फोटो उडवले आणि तुला तिरकं बघायला लावून चांगला फोटो काढला."

ती आधी हसली, मी गंमत करतोय असं वाटून. मग तिचा चेहरा बदलला. "का?"

"फोटो खराब दिसत होता म्हणून."

"खराब दिसत व्हता म्हणून!" तिचा आवाज चढला. "दादा, माझा डोळा व्हता रे तो! लग्नाचा अल्बम नव्हता! रोज पायरीवर पाय टाकताना जीव मुठीत धरते मी, आणि तू... आणि मी गावभर तुझं गुणगान करत फिरते?" ती रडली, मी रडलो. बाहेर पेढे खाणाऱ्यांना सगळं ऐकू गेलं असणार. तिनं माझ्या दंडावर दोन गुद्दे मारले, लहानपणी मारायची तसेच, पण या वेळी जोर होता. मी म्हणालो, मार अजून. ती थांबली. नाक पुसलं. आणि मशीनकडे बघत राहिली.

"नेहमीच उडवायचा का तू?"

मी लेन्स पुसायचं फडकं उचलून त्याची घडी घालायला लागलो.

"दोन वर्षं या खुर्चीवर माणसं बसली. माझ्या येकटीचेच चार व्हते का? बाकीच्यांचे किती उडवलेस?"

हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. डॉक्टरांनी नाही, बायकोनं नाही. मी स्वतःला तर मुळीच नाही. रोज तीन महिने त्याच्या कडेकडेनं चाललो होतो. "माहीत नाही," मी म्हणालो. "उडवलेल्याचं काही राहत नाही मशीनमध्ये."

"डॉक्टरला ठाव हाय?"

"नाही."

तिनं दार उघडलं, माझी बाही धरली आणि बाकावरच्या सगळ्यांसमोरून मला डॉक्टरांच्या केबिनपुढे नेऊन उभं केलं. "जा," म्हणाली. आत मी सगळं सांगितलं. डॉक्टरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.  नोकरी गेली असं मी मनातल्या मनात धरून चाललो होतो आणि त्याचं फार वाईटही वाटत नव्हतं. शेवटी म्हणाले, "दोन वर्षांत ज्यांना लाल डोळा होता किंवा धूसर दिसत होतं, त्या सगळ्यांची यादी काढा. शुगरवाले सोडून. एकेकाला परत बोलवा. फी घ्यायची नाही. फोन तुम्ही करायचे."

यादी लांब निघाली. मी काउंटरवरच्या फोनपुढे बसलो. धाकटीची एसटी चुकली होती, पण ती जायचं नाव घेईना. शेजारची खुर्ची ओढून बसली, तिरकी, म्हणजे चांगल्या डोळ्याला मी नीट दिसेन अशी. पहिलं नाव गंगापूर रोडच्याच एका बाईंचं होतं. दीड वर्षापूर्वी येऊन गेलेल्या. तिकडून फोन उचलला.

"नमस्कार, डोळ्यांच्या दवाखान्यातून बोलतोय. तुमच्या डोळ्यांचा फोटो पुन्हा काढायला लागेल. त्या वेळी मशीनमध्ये जरा..."

धाकटीनं मान वर केली.

"नाही," मी म्हणालो. "मशीन बरोबर होतं. फोटो मी उडवले होते. तुम्हाला आता दोन्ही डोळ्यांनी सारखं दिसतंय ना?"

पलीकडे टीव्हीचा आवाज बंद झाला. मग त्या बाईंनी विचारलं, "तुम्हाला कसं कळलं?"